तीन बस एकदम का येतात, आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की पुढच्या वेळी फक्त मुंबईच्या बसबद्दल विचारा, तर एवढे प्रश्न आलेत की अर्धे पुढच्या महिन्यावर ढकलावे लागतायत. दोघातिघांनी असंही विचारलंय की ताई, तुम्हाला बसमधलं काय कळतं? तर माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. आमच्याकडे आई ताटावर चमचा दोनदा वाजवायची म्हणजे जेवायला चला, आणि एकदाच वाजवला की सगळ्यांची बडबड बंद. हे असं का, ते खाली येईलच.

प्रश्न: ताई, अर्धा तास एक बस येत नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन लागोपाठ येतात. हे ड्रायव्हर लोक चहा पीत बसतात आणि मग सगळे एकत्र निघतात का? (कुर्ल्याहून एक वाचक)

उत्तर: हा प्रश्न अकरा जणांनी पाठवलाय आणि अकराही जणांनी चहा आणलाच मध्ये. चहा पितात, प्यायलाच पाहिजे, चार तास मुंबईत स्टीअरिंग धरून बघा एकदा. पण तीन बस एकत्र येण्याचं कारण चहा नाही, तुम्ही आम्ही आहोत.

समजा दर दहा मिनिटांनी एक बस सुटते आणि तुमच्या स्टॉपवर मिनिटाला तीन माणसं येऊन उभी राहतात. म्हणजे प्रत्येक बसला तीस माणसं. आता पहिली बस कुठेतरी सिग्नलला नाहीतर कोणाच्या तरी आडव्या लावलेल्या टेम्पोमुळे पाच मिनिटं अडकली. ती तुमच्यापर्यंत येईतो स्टॉपवर तीस नाही, पंचेचाळीस माणसं झालेली असतात. एकेकाला चढायला तीन सेकंद धरले तर जास्तीच्या पंधरा जणांचे पाऊण मिनिट गेले, आणि उतरणारेपण जास्त, कारण आत गर्दी जास्त. म्हणजे ती पुढच्या स्टॉपवर अजून उशिरा, तिथे अजून गर्दी, असं ते वाढतच जातं. मागच्या बसचं नेमकं उलटं होतं, पुढची आत्ताच सगळं पब्लिक उचलून गेलेली असल्यामुळे हिच्या वाट्याला पंधराच माणसं, ती स्टॉपवर थांबते न थांबते तोच निघते, आणि बघता बघता पुढचीच्या शेपटीला येऊन लागते. तिसरी पण तशीच. कोणी ठरवून केलेलं नाही, पहिल्या पाच मिनिटांचं व्याज आहे ते.

यावर उपाय आहे पण तो कोणालाच आवडत नाही. शेवटच्या स्टॉपवर चौकीत स्टार्टर बसलेला असतो, तो आलेल्या तिन्ही गाड्या लगेच सोडत नाही, एक सोडतो, दुसरी थोडी थांबवतो, तिसरी त्यानंतर. आणि नेमके त्याच वेळी आपण त्या थांबवलेल्या बसमध्ये बसून ओरडत असतो की अहो सोडा ना गाडी, कोणाची वाट बघताय! कधी कधी तो एखादी गाडी पूर्ण फेरी न करता अर्ध्या रस्त्यातूनच परत फिरवायला सांगतो, म्हणजे उलट्या दिशेचं गॅप भरून निघतं. तेव्हा उतरवलेले प्रवासी जे बोलतात ते इथे छापता येणार नाही.

याच पत्रात शेवटी विचारलंय की दुपारी रस्ता मोकळा असताना ड्रायव्हर मुद्दाम रांगत का चालवतो. कारण वेळेच्या आधी पोचणं हे उशिरापेक्षा वाईट. उशिरा आली तर तुम्ही चिडता, पण आधी निघून गेली तर वेळेवर आलेला माणूस पुढचं पूर्ण गॅप उभा राहतो. म्हणून तो वेळ खात खात चालवतो.

एक टिप बाबांची. तीन एकत्र आल्या तर पहिलीच्या दाराला लटकू नका, दोन मिनिटं थांबून तिसरीत चढा, बसायला मिळेल. फक्त तिसरी लिमिटेड नाही ना ते बघा, नाहीतर आरामात बसाल आणि तुमच्या स्टॉपवर ती थांबणारच नाही.

प्रश्न: डबल बेलचं गणित काय असतं? (परळ)

उत्तर: कंडक्टर दोरी ओढून घंटा वाजवतो ती ड्रायव्हरसाठी, एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. आता नव्या गाड्यांत दोरी नाही, पण भाषा तीच. आमच्या घरातलं ताट आणि चमचा आता कळलं असेल.

प्रश्न: आमच्या इथे आधी दहा मिनिटांनी बस होती, आता पंधरा वीस मिनिटांनी येते. ॲपवर बघितलं तर बस चालू आहे असंच दाखवतं. मग गेल्या कुठे बस? (भांडुपहून एक ताई)

उत्तर: ताई, काही खरंच कमी झाल्यात आणि काही रस्त्यावरच आहेत पण ट्रॅफिकमध्ये उभ्या आहेत. दुसरी गोष्ट आधी सांगते कारण ती कोणी सांगत नाही.

एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एक तास लागतो असं धरा. दोन्ही टोकांना दहा दहा मिनिटं थांबणं. म्हणजे एका बसला पूर्ण चक्कर मारून परत पहिल्या जागी यायला १४० मिनिटं. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर १४० भागिले १०, चौदा बस लागतात. बरोबर? आता रस्ता खोदला, मेट्रोचे पत्रे लागले, बाजूला दुहेरी पार्किंग झालं, आणि तासाचा प्रवास ८० मिनिटांचा झाला. चक्कर १८० मिनिटांची. त्याच चौदा बस, तेच ड्रायव्हर, तेच डिझेल किंवा चार्जिंग, आणि तुम्हाला बस मिळते तेरा मिनिटांनी. परत दहा मिनिटांवर आणायची तर चार बस जास्तीच्या लागतील, त्या आणायच्या कुठून? आणि चौदातल्या दोन त्या दिवशी आगारातूनच निघाल्या नाहीत, एक बिघडली, एकीला माणूस नाही, तर झालं, गॅप पंधरा मिनिटांचं. तुमच्या पत्रातला आकडा बरोबर हाच आहे बघा.

म्हणजे ट्रॅफिक नुसतं तुम्हाला उशीर करत नाही, ते बस खातं. एका मार्गावर चार बस गिळून टाकल्या आणि कुठे नोंद पण नाही. म्हणून मला ते एकट्या माणसाच्या मोठ्या गाडीचं जाम डोक्यात जातं, असो, तो वेगळा विषय.

आता खरंच कमी झाल्यात त्याबद्दल. २०१० च्या आसपास बेस्टकडे चार हजारांहून जास्त गाड्या होत्या. २०१९ च्या जानेवारीत नऊ दिवसांचा संप झाला होता आठवत असेल, त्याच वर्षी पुढे युनियनबरोबर जो करार झाला त्यात लिहिलंय की स्वतःच्या ३,३३७ गाड्या ठेवायच्या. आता सगळ्या मिळून, म्हणजे भाड्याच्या धरूनसुद्धा, तीन हजारांच्या खाली आलोय. माणसं कमी झाली नाहीत, उपनगरं पसरलीच. हे गणित करायला कंडक्टरची मुलगी असायची गरज नाही.

प्रश्न: बसवर बेस्ट लिहिलेलं असतं पण ड्रायव्हर म्हणतो मी कंपनीचा. मग बस नक्की कोणाची? आणि तिकीट वाढवलं ते पैसे कोणाला जातात? (लालबाग)

उत्तर: याला वेट लीज म्हणतात. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, दुरुस्ती देखभाल ठेकेदाराची. मार्ग, नंबर, टाइमटेबल आणि तिकिटाचे पैसे बेस्टचे, कंडक्टर असेल तर तोही सहसा बेस्टचा. ठेकेदाराला पैसे मिळतात ते किलोमीटरवर. बसमध्ये साठ माणसं असोत की सहा, जितके किलोमीटर गाडी चालली तितके पैसे. म्हणजे गाडी रिकामी धावली तर तोटा बेस्टचा. यात फायदा असा की एकदम करोडो रुपये घालून गाड्या विकत घ्याव्या लागत नाहीत. तोटा असा की एकाच बसमधल्या दोन माणसांचे साहेब वेगळे, आणि पगारही वेगळे. ठेकेदाराने पगार थकवला की ड्रायव्हर कामावर येत नाही आणि स्टॉपवर शिव्या मात्र ज्याचं नाव गाडीवर आहे त्याला. मला विचाराल तर बाबांच्या वेळचं बरं होतं असं मी म्हणणार, पण मी म्हणणारच ना.

तिकिटाचं बघा. ९ जुलै २०१९ ला कमीत कमी तिकीट आठवरून पाच रुपये केलं आणि एसीचं सहा. माणसं परत बसकडे वळली, शेअर रिक्षावाल्यांची तोंडं पडली. सहा वर्षं तेच भाडं ठेवलं. मग ९ मे २०२५ पासून ते डबल झालं, साधी बस दहा, एसी बारा. गंमत म्हणजे मुंबईत घोड्यांची ट्राम पहिल्यांदा धावली ती तारीख पण ९ मेच, १८७४ ची. कुलाबा ते पायधुणी तीन आणे घ्यायचे आणि तिकीट म्हणून कागदच नव्हता. लोकांनी भाडं बुडवायला सुरुवात केली तेव्हा तिकीट छापायला लागले. म्हणजे फुकट्यांनीच आमच्या घरात पगार आणला असं म्हणायला हरकत नाही.

बसचा खर्च तिकिटातून बहुतेक मोठ्या शहरांत निघत नाही. आपल्याकडे तो बरीच वर्षं विजेच्या जोरावर निघाला. बेस्ट म्हणजे मुळात वीज आणि ट्रामची कंपनी, १९०५ सालची, विजेवरची ट्राम १९०७ ला आली, ट्रामला वीज लागायची म्हणून वीज बनवली आणि तीच घराघरात दिली. आजही कुलाब्यापासून माहीम सायनपर्यंत विजेचं बिल बेस्टचंच येतं, दहा लाखांवर ग्राहक आहेत. विजेतला नफा बसच्या तोट्यात ओतायचा, शहरातला दिवा उपनगरातल्या बसचं डिझेल भरायचा म्हणा ना. २००३ चा वीज कायदा आला, वीज आयोग आला, आणि विजेच्या ग्राहकाने बसचे पैसे का भरायचे हा प्रश्न आला. तो तसा चुकीचा पण नाही. पण तो नळ बंद झाल्यावर दुसरा नळ कुठला, हे तेव्हा नीट ठरलं नाही आणि मग दरवर्षी महापालिकेसमोर हात पसरायचे. बेस्ट १९४७ पासून महापालिकेचीच आहे, म्हणजे खरंतर घरातल्यानेच घरातल्याकडे पैसे मागायचे आणि दरवेळी ऐकून घ्यायचं.

प्रश्न: मी साताऱ्याहून आलोय, नोकरी लागून दोन महिने झाले. मला सायनला जायचं असतं, लोक म्हणतात अमुक बस पकड, पण बसवर सायन लिहिलेलंच नसतं! (सध्या राहणार घाटकोपर)

उत्तर: दादा, यात तुमची काही चूक नाही, मुंबईतल्या बसची पाटी हा वेगळाच अभ्यासक्रम आहे. सायनला जायचं असेल तर पाटीवर राणी लक्ष्मीबाई चौक शोधा. अंधेरी स्टेशन पूर्व म्हणजे आगरकर चौक. चर्चगेट म्हणजे अहिल्याबाई होळकर चौक. दादरला प्लाझा म्हणतात ते वीर कोतवाल उद्यान. फाउंटन म्हणजे हुतात्मा चौक, हे तरी बऱ्याच जणांना माहीत असतं. आणि रिगल, म्युझियम म्हणतात ते डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौक, एवढं मोठं नाव त्या पाटीत मावतं कसं हेच मला लहानपणी कोडं होतं.

कंडक्टर स्वतः कधीच ही नावं ओरडत नाही. तो ओरडतो सायन, प्लाझा, टीटी. म्हणजे पाटी एक भाषा बोलते आणि माणूस दुसरी. तुम्ही दोन्ही शिका, सहा महिने लागतील.

नंबरचं तसं सोपं आहे, ढोबळ. शंभरच्या आतले आणि शंभरीतले बहुतेक शहरातले, दोनशेतले पश्चिम उपनगरातले, तीनशेतले पूर्वेकडचे, पाचशेतले नवी मुंबईकडे जाणारे. अपवाद भरपूर, उदाहरणार्थ ३३२ कुर्ल्याहून निघते ती थेट अंधेरीला जाते, तिला पूर्व म्हणायचं की पश्चिम? नंबरच्या आधी ए असेल तर एसी. आणि पुढच्या पाटीवर आकडे मराठीत असतात, साताऱ्याच्या माणसाला ते तरी अडणार नाही, आमच्या बिल्डिंगमधल्या इंग्रजी मीडियमच्या पोरांना विचारा काय हाल होतात ते, ३ आणि ६ मध्ये अडकतात आणि उलट्याच बसमध्ये चढून बसतात.

प्रश्न: नातू विचारतो दादर टीटी म्हणजे टेबल टेनिस का? (दादरच्या एक आजी)

उत्तर: आजी, नातवाला सांगा ट्राम टर्मिनस. ट्राम तिथे संपायची. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर धावली आणि रूळ गेले, नाव राहिलं. पाटीवर खोदादाद सर्कल असतं. तुम्ही स्वतः ट्राममध्ये बसला असाल तर त्याला तेच सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल. आणि सुट्टीत त्याला आणिक आगारातल्या बेस्टच्या म्युझियमला न्या, जुन्या ट्रामची मॉडेलं, तिकिटं, पंच सगळं आहे तिथे. वेळ आधी विचारून जा.

प्रश्न: पावसात बस अचानक मार्ग बदलते आणि आम्ही स्टॉपवर भिजत उभे. आधी कळत का नाही? (माटुंगा)

उत्तर: कारण पाणी आधी सांगून भरत नाही. तरी ठिकाणं ठरलेली आहेत, हिंदमाता, गांधी मार्केट, सायनचा रोड नंबर २४. हिंदमाताला पाणी भरलं की बस खालून न जाता पुलावरून जाते, गांधी मार्केटला भरलं की भाऊ दाजी मार्गाने वळवतात, आणि मधले जे स्टॉप सुटतात तिथली माणसं सुटतात. तुम्ही त्या मधल्या भागात राहत असाल तर जोराचा पाऊस असताना तुमच्या स्टॉपवर उभं राहू नका, थोडं चालून वळणाच्या आधीचा नाहीतर नंतरचा स्टॉप गाठा. चलो ॲपवर गाडी नकाशात कुठे सरकतेय ते बघा, ती पुलावर चढलेली दिसली की समजून जा.

प्रश्न: छत्री बसमध्ये राहिली. (मुलुंड. एवढंच लिहिलंय.)

उत्तर: तिकीट जपून ठेवलंय का? त्यावरून बस कुठल्या आगाराची ते काढता येतं, कंडक्टर ड्युटी संपली की सापडलेली वस्तू जमा करतो, तिथे आधी विचारा. छत्री परत मिळाली तर मला कळवा, मोबाइल परत मिळालेले ऐकलेत, छत्री नाही.

प्रश्न: डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसायचं माझं स्वप्न होतं, आता त्या बंद झाल्या म्हणे. खरं का? (इयत्ता सातवी, चेंबूर)

उत्तर: जुन्या लाल डबल डेकर बंद झाल्या, हे खरं. १९३७ ला सुरू झालेल्या, आणि शेवटची डिझेलवाली १५ सप्टेंबर २०२३ ला धावली, मार्ग ४१५, आगरकर चौक ते सीप्झ. लोकांनी हार घातले होते तिला. त्या गाडीत दोन कंडक्टर असायचे, एक खाली एक वर. बाबांना वरची ड्युटी नको असायची, कारण चालत्या गाडीत जिना चढून उतरून गुडघे जायचे, आणि वरची पुढची सीट पकडलेली पोरं शेवटच्या स्टॉपवरही उतरायला तयार नसायची, तिकीट परत काढतो म्हणायची पण उठायची नाहीत.

पण तुझं स्वप्न अजून आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत विजेवरच्या एसी डबल डेकर आल्या, सुरुवात झाली ए-११५ वर, सीएसएमटी ते एनसीपीए. आता जिने दोन आहेत आणि खिडकी उघडत नाही, म्हणजे पूर्वी झाडाच्या फांद्या आत यायच्या ते नाही. रविवारी सकाळी लवकर आईबाबांबरोबर सीएसएमटीला जा, चौकीत विचार डबल डेकर कधी सुटते, आणि रांगेत पहिला उभा राहा. दार उघडलं की पळायचं नाही हं, जिन्यावर रेलिंग धरायचं. पुढची डावीकडची सीट घे.